तमिळसेल्वीची यादी

"माझ्या प्रोग्रॅममध्ये चूक नाही सर. तुम्हीच बघा," असं म्हणत तमिळसेल्वीने कॉम्प्युटरचा पडदा रंगराजन सरांकडे वळवला.

चूक खरंच दिसत नव्हती. कोइंबतूरच्या त्या इस्पितळातल्या चाळीस डॉक्टरांची यादी पडद्यावर झळकत होती. डावीकडे खोलीचा आकडा, मधे हजेरीची गोल टिकली, मग नाव. हजर असलेले हिरवे आणि वर, ऑपरेशनला गेलेले पिवळे आणि तळाशी. तयार मिळणारी यादी तमिळसेल्वी कधी वापरत नसे. गेली बावीस वर्षं ती प्रत्येक ओळ स्वतः रेखाटत आली होती, अगदी रेघेच्या जाडीसकट. तिच्या सॉफ्टवेअर कंपनीतली पोरं रोज नवं काहीतरी शिकून यायची, पण यादी म्हटली की सगळे हिच्याच टेबलापाशी. याचा तिला माज होता, आणि तो शोभायचाही.

"मग काल छातीत कळ आलेल्या माणसाचा फोन कातडीच्या डॉक्टरकडे कसा गेला? नशिबाने वाचला बिचारा," इस्पितळाचे व्यवस्थापक रंगराजन म्हणाले. "म्हणजे मुत्तूच चुकला. सोमवारपासून त्याला चादरींच्या खोलीत पाठवतो. घड्या घालायला डोळे लागत नाहीत."

सवरिमुत्तूला जन्मापासून दिसत नव्हतं. अठरा वर्षं तो इस्पितळाच्या टेलिफोनवर होता. कॉम्प्युटर त्याच्या कानात यादी वाचायचा आणि तो फोन जोडून द्यायचा. तमिळसेल्वी खाली त्याच्या खोलीत गेली ती खरं तर स्वतःची बाजू पक्की करायला.

"मुत्तू अण्णा, काल झालं काय?"

"काही नाही हो मॅडम. माझंच चुकलं."

"नवी यादी नीट वाचून दाखवते ना?"

तो घुटमळला. मग कानातलं यंत्र काढून त्याने तिच्यापुढे धरलं. "तुम्हीच ऐका."

तिने खालच्या बाणाची कळ दाबली. कानात आवाज आला, ओळ एक. पुन्हा दाबली. ओळ दोन. ओळ तीन. नाव कुठेच नाही.

सगळं तत्क्षणी तिच्या लक्षात आलं. नावं तिने आपल्या वेगळ्या साठ्यात ठेवली होती आणि तिथूनच ती पडद्यावर रेखाटत होती. प्रत्येक ओळीचा मजकूर ठेवायचा जो खण असतो, तो तिने गरज नाही म्हणून रिकामा सोडला होता. वाचून दाखवणारा प्रोग्रॅम नेमका त्याच खणात डोकावतो.

"तीन आठवडे झाले हे बसवून. चालवताय कसं तुम्ही?"

"सिस्टर सकाळी एकदा वाचून दाखवतात. चाळीसच तर नावं. कितव्या ओळीला कोण, ते पाठ करतो. कुणी ऑपरेशनला गेलं की त्या येऊन सांगतात. काल मधेच एक डॉक्टर गेले, ते सांगायचं राहिलं आणि ओळी सरकल्या."

"अहो, मग बोलला का नाहीत?"

"जो तो म्हणत होता, यादी काय देखणी झालीय. म्हटलं, मलाच जमत नसेल. आणि माझ्यासारख्याने तक्रार केली ना मॅडम, की आधी खुर्ची जाते."

तमिळसेल्वी तशीच जिना चढून वर गेली.

"चूक माझी आहे सर."

"आत्ता तर छातीठोक सांगत होतात."

"बघून सांगत होते. ऐकलं नव्हतं. लेखी देते, पण मुत्तू अण्णा जागचे हलणार नाहीत."

"तुमच्या कंपनीला कळवावं लागेल मला."

"कळवा."

दुरुस्ती जेवणाच्या सुट्टीआधीच झाली. प्रोग्रॅमच्या पुऱ्या बारा ओळींचंही काम नव्हतं, आणि त्याचीच तिला जास्त लाज वाटली. सवरिमुत्तूने बाण दाबला. त्याच्या कानातल्या यंत्रातून बाहेर झिरपणारा आवाज इतका भरभर बोलत होता की तिला एक अक्षर कळेना. त्याच्या कपाळावर मात्र आठी होती.

"जमलं ना?"

"जमलं. पण..."

"बोला की."

"आधी खोली सांगतं, मग हजेरी, मग नाव. नावापर्यंत पोचेस्तोवर फोनवरचा माणूस वैतागतो. आधी नाव पाहिजे. खोलीशी मला काय करायचंय?"

बावीस वर्षांत तिच्या यादीतला रकाना हलवायची कुणाची छाती झाली नव्हती. तिने स्टूल ओढलं, त्याच्या शेजारी बसली आणि वही उघडली.

"आधी नाव. मग हजेरी. पुढे?"

तेवढ्यात फोन वाजला. सवरिमुत्तूने हात वर करून तिला थांबायला सांगितलं. त्याचं बोलणं संपेपर्यंत ती पेन धरून बसून राहिली.