तेर केंद्रावरचं प्रात्यक्षिक

बालाघाट विद्यापीठानं 'राग आला तर काय करावं?' ही ऑनलाईन कार्यशाळा ठेवली, त्याला तसं कारण घडलं होतं. परीक्षा विभागातल्या दोन हेडक्लार्कांनी एकमेकांना स्टेपलर फेकून मारले होते आणि त्यातल्या एकाच्या कानाची पाळी अजून पट्टीत होती. कुलगुरू अमरसिंह सर म्हणाले, कर्मचाऱ्यांना शिकवायचंच आहे तर समाजालाही शिकवू. कर्मचाऱ्यांनी घरून बघायचं, समाजानं तेरमधल्या शेतकरी मंडळाच्या हॉलात मोठ्या पडद्यावर बघायचं. आता समाज म्हणजे कोण, तो गोळा कसा करायचा आणि त्याला चहा कुणी द्यायचा, हे सगळं वैदेही मॅडमवर सोडलं.

वैदेही मॅडम तुळजापूरच्या. विद्यापीठात कंत्राटी समन्वयक. दरवर्षी त्यांना कामावरून काढायचे आणि चार दिवसांनी परत घ्यायचे. यंदा मात्र कायम होण्याची ऑर्डर टाईप होऊन कुलगुरूंच्या टेबलावर पडली होती. सकाळीच सरांचा फोन आला, "मॅडम, मी स्वतः बसणार आहे ऑनलाईन. तेर नीट झालं की संध्याकाळी सही." नीट नाही झालं तर काय, ते सर बोलले नाहीत. बोलायची गरजही नव्हती.

कार्यशाळा घेणाऱ्या डॉ. शामला पुण्याच्या. त्यांनी आदल्या दिवशी निरोप धाडला होता, "तेर केंद्रानं भांडणाचं एक छोटं प्रात्यक्षिक बसवून ठेवावं. दोघं पुरेत." मॅडमनी तो वाचला, बघू म्हणाल्या, आणि मानपानाच्या मागं धावल्या. कारण गावात वजनदार माणसं दोन. माजी सरपंच बब्रुवान काका आणि आताचे सरपंच कृष्णराज. एक ज्या हॉटेलात चहा पितो त्या हॉटेलासमोरून दुसरा जात नाही. एकाला बोलवलं तर अर्धं गाव येणार नाही, म्हणून मॅडमनी दोघांनाही प्रमुख पाहुणे केलं.

घोळ केला तो स्वानंदनं. स्वानंद विद्यापीठाचा कॉम्प्युटर ऑपरेटर. त्यानं धाराशिवहून सत्काराचं सामान आणलं, त्यात बांधलेला रेडीमेड फेटा एकच.

"दुसरा कुठाय रे?" मॅडमनी विचारलं.

"मॅडम, कॅमेऱ्यात एका वेळी एकच माणूस मावतो. दोन फेटे कशाला?"

मॅडमच्या एका हातात माईक, दुसऱ्या हातात फोन, काखेत शाल. त्या म्हणाल्या, "बरं बरं."

अकराला सुरू झालं. पडद्यावर मधे मोठं तेर, वरती कुलगुरू, शेजारी डॉ. शामला, खाली कर्मचाऱ्यांचे काळे चौकोन. हॉलातल्या स्पीकरचा आवाज घुमायला लागला म्हणून स्वानंदनं तेरचा आवाज बंद करून टाकला होता. म्हणजे तेरकरांना सगळ्यांचं ऐकू येत होतं, तेरचं कुणालाच नाही.

बब्रुवान काकांचा सत्कार झाला. शाल, नारळ, फेटा. फोटो झाला, टाळ्या झाल्या. काका मिशीवरून हात फिरवत कॅमेऱ्याकडं बघत होते, तेवढ्यात स्वानंद पुढं आला. पातेल्यावरचं झाकण काढावं तसा त्यानं दोन्ही हातांनी काकांच्या डोक्यावरचा फेटा उचलला आणि शेजारी उभ्या कृष्णराजच्या डोक्यावर ठेवला.

भर सभेत. आख्ख्या तेरसमोर. आणि काकांचं उघडं पडलेलं टक्कल मोठ्या पडद्यावर बैलगाडीच्या चाकाएवढं.

काकांना क्षणभर काही सुधरलंच नाही. मग कृष्णराज हसला. नुसता हसला आणि फेटा जरा नीट केला.

"माझा उतरवून ह्याला?" काका म्हणाले. "माझ्या डोक्यावरचा?"

"आभाळातून पडला व्हय तुमच्यासाठी?" कृष्णराज म्हणाला. "ज्याच्या डोक्याला बसंल त्याचा."

काकांच्या हातात सत्काराचा नारळ होता. तो त्यांनी कृष्णराजच्या भुवईवर फोडला. नारळ फुटला, भुवईही फुटली. पाणी आणि रक्त एकत्रच शर्टावर उतरलं. कृष्णराजनं डोकं खाली घालून बोकडासारखी काकांच्या छातीत धडक दिली. दोघंही टेबलावर, टेबल समईवर, समई पहिल्या रांगेवर. मागच्या रांगांना वाटलं आपण मागं राहायलोय, म्हणून त्याही पुढं आल्या. कुणी खुर्ची उचलली, कुणी खुर्चीवरचा माणूस उचलला. ज्यांचं कुणाशीच वैर नव्हतं त्यांनी जवळ सापडेल त्याला मारून घेतलं. एक म्हातारा तर शांतपणे फिरून काठीनं लोकांच्या नडग्या फोडत होता. त्यात पक्ष वगैरे काही नव्हता.

"मॅडम, वायर ओढू?" स्वानंद टेबलाखालून ओरडला.

मॅडमचा हात वायरवर गेलासुद्धा. तेवढ्यात स्पीकरमधून डॉ. शामलांचा आवाज आला.

"अरे वा! तेर केंद्रानं प्रात्यक्षिक सुरूही केलं. सगळ्यांनी नीट बघा हं. पहिल्या व्यक्तीला अपमान वाटला. त्यांनी श्वास घेतला का? नाही घेतला."

"काय जिवंत अभिनय आहे हो!" कुलगुरू म्हणाले. "ते रक्त कशाचं केलंय मॅडम? कुंकवाचं?"

बाजूला मेसेज पडायला लागले. 'अप्रतिम.' 'ग्रामीण भागात गुणवत्ता आहे.' कान पट्टीत असलेल्या हेडक्लार्कनं पाच अंगठे पाठवले.

मॅडमनी वायर सोडली. डोळ्यासमोर ती टाईप केलेली ऑर्डर होती. वायर काढली तर तेर बंद. आवाज सुरू केला तर काका आत्ता कृष्णराजच्या आजीबद्दल जे बोलत होते ते कुलगुरूंच्या घरात जाणार.

"आवाज येऊ द्या की," कुलगुरू म्हणाले. "मॅडम, अनम्यूट करा."

मग मॅडमनी माईक तोंडाला असा चिकटवला की बाहेरचा एक शब्द आत शिरू नये, आणि आवाज सुरू केला.

"नमस्कार सर! आता आपण बघतोय, दोन पक्षांमध्ये गैरसमज झालेला आहे..."

मागून एक खुर्ची आली आणि त्यांच्या खांद्यावर आदळली.

"...आणि तो वाढत चाललेला आहे, सर."

"आता मिटवून दाखवा," डॉ. शामला म्हणाल्या. "मी सांगते तशा पायऱ्या घ्या."

मॅडमनी वळून बघितलं. कृष्णराजनं फेट्याचं कापड सोडून काकांच्या गळ्याभोवती गुंडाळलं होतं, काकांच्या पाठीत गुडघा रोवला होता आणि दोन्ही टोकं ओढत होता. काकांचा चेहरा जांभळा पडला होता, जीभ दातांबाहेर आली होती. मिटवणं तर भागच होतं.

"पहिली पायरी. दोघांना विचारा, तुम्हाला कसं वाटतंय?"

मॅडम पडलेल्या खुर्च्या ओलांडत गेल्या आणि काकांच्या तोंडापुढं माईक धरला. "काका, तुम्हाला कसं वाटतंय?"

"मरा... यलोय..." काका म्हणाले.

"छान! भावना नेमक्या शब्दांत सांगितली," डॉ. शामला म्हणाल्या. "आता दुसऱ्यांना विचारा."

"कृष्णराज भाऊ, तुम्हाला कसं वाटतंय?"

"लई भारी," कृष्णराज म्हणाला आणि अजून एक पीळ दिला.

"दोघं मोकळे होतायत. दुसरी पायरी, राग आला की दहापर्यंत आकडे मोजायचे. मोजायला सांगा."

"भाऊ, मोजा!" मॅडम जवळजवळ रडत म्हणाल्या. "मोजा ना भाऊ, दहापर्यंत!"

कृष्णराजलाही ते पटलं असावं. त्यानं कापड सोडलं, काकांचे कान धरले आणि "एक" म्हणून त्यांचं डोकं फरशीवर आपटलं. मग "दोन". तीनपर्यंत जाईतो काकांची बायको कमलबाई बायकांच्या रांगेतून पाण्याची भरलेली घागर घेऊन आली.

"माझ्या धन्याला मोजायलास व्हय रे, मुडद्या!" म्हणून तिनं घागर कृष्णराजच्या टाळक्यात घातली. चार राहिलाच. कृष्णराजच्या तोंडातून दोन दात आणि एक शिवी एकदमच बाहेर पडली. तरी गडी उलटा फिरला आणि त्यानं कमलबाईच्या अंगावर हात उगारला.

"आता तिसरी पायरी," स्पीकर म्हणाला. "मध्यस्थानं दोघांच्या मधे उभं राहायचं. शांतपणे."

मॅडम मधे गेल्या. शांतपणे म्हणता येणार नाही, पण गेल्या. कृष्णराजची बुक्की कमलबाईसाठी निघाली होती ती मॅडमच्या नाकावर बसली. काड्यापेटी पायाखाली यावी तसा आवाज झाला. तो माईकमधून स्पीकरमध्ये गेला आणि आख्ख्या हॉलानं तो मोठा होऊन ऐकला. मॅडम खाली बसल्या. साडीवर रक्ताचे ओहोळ.

हॉल गप्प. बाईमाणूस, त्यातून पाहुणी, त्यातून तुळजापूरची. ज्याच्या हातात ज्याची गचांडी होती त्यानं ती सोडली. नडग्या फोडणारा म्हातारासुद्धा काठी टेकून उभा राहिला.

पडद्यावर डॉ. शामला डोळे पुसत होत्या. "ह्याला म्हणतात मध्यस्थी. स्वतःवर घेतलं त्यांनी."

कुलगुरू उभे राहून टाळ्या वाजवत होते. उभे राहिल्यामुळं त्यांची अर्धी चड्डी दिसत होती. सगळ्यांनी बघितली.

दुपारी धाराशिवच्या दवाखान्यात एका रांगेत तीन खाटा. एकीवर गळ्याला पट्टा बांधलेले बब्रुवान काका, दुसरीवर भुवई आणि टाळू शिवून घेतलेला कृष्णराज, मधे नाकात बोळे घातलेल्या वैदेही मॅडम. मॅडमचा फोन वाजला.

"अभिनंदन मॅडम, सही केली!" कुलगुरू म्हणाले. "आणि पुढचा कार्यक्रम तामलवाडीला. हेच कलाकार पाहिजेत. काय रंगले हो!"

मॅडमनी फोन ठेवला तर दारात हवालदार गुंडप्पा. दवाखान्यातून वर्दी गेली होती. त्यानं टोपी काढली, कागद काढला, स्टूल ओढलं आणि काकांना विचारलं, "बोला काका. काय झालं?"

काकांचा आवाज गळ्यातून फाटूनच येत होता. "काय झालं म्हंजे? गळा दाबला माझा ह्यानं. हाफ मर्डर लिहा. ह्याला आत घाला."

मॅडमनी मनात हिशेब मांडला. केस झाली की भांडण खरं. भांडण खरं की प्रात्यक्षिक खोटं. प्रात्यक्षिक खोटं की ती सही, वाळायच्या आत खोडली जाणार.

"हवालदार, दोन मिनिटं चहा घेऊन येता का?" त्या नाकातून म्हणाल्या. गुंडप्पा चहाला नाही म्हणणारा नव्हता.

तो बाहेर पडताच मॅडम खाटेवरून उतरल्या आणि काकांच्या उशाशी बसल्या. "काका, तुमच्या पाया पडते. नाटक होतं म्हणा."

"नाटक? म्या जांभळा पडलो होतो, बाई!"

"माझी नोकरी आहे हो काका. इतक्या वर्षांनी."

"तुमची नोकरी आन् माझा गळा?"

"तुम्ही म्हणाल ते करते."

काकांनी वरच्या पंख्याकडं बघितलं. मग हळूच मान वळवली, तेवढीच त्यांना वळत होती.

"ते तामलवाडीचं काय म्हनत होता तुमचा साहेब?"

"हेच प्रात्यक्षिक परत करायचंय. तुम्हा दोघांना घेऊन."

"तिथं पोलीस येतेत का?"

"नाही. प्रात्यक्षिकाला कशाला येतील?"

"मंग तिथं गळा म्या दाबणार," काका म्हणाले. "आन् मधे कुनी यायचं न्हाय. तुमी बी न्हाय. कबूल असंल तर नाटक म्हनतो."

मॅडमनी पलीकडच्या खाटेकडं बघितलं. कृष्णराज इंजेक्शननं गुंगला होता. तोंड उघडं, आत दोन दातांची जागा रिकामी. गळा चांगला उघडा पडला होता. दारातून चहाचा वास आला, मागून गुंडप्पाच्या बुटांचा आवाज.

"कबूल," मॅडम म्हणाल्या.

"हं, बोला काका," गुंडप्पा कप ठेवत म्हणाला.

"काय बोलायचं? नाटक होतं ते, विद्यापीठाचं. जरा रंगात आलो."

गुंडप्पानं कागद घडी करून खिशात घातला. बोलण्यानं कृष्णराज जागा झाला. त्यानं सुजलेला डोळा अर्धा उघडला.

"काय ठरलं वो मॅडम?"

मॅडमनी उठून त्याच्या अंगावरची चादर नीट केली, पार हनुवटीपर्यंत ओढली.

"काही नाही भाऊ. तुम्ही आराम करा. दूध पीत जा, अंगात ताकद भरू द्या. तामलवाडीला जायचंय आपल्याला."