वीस मिनिटांची वाट

त्या पत्राला मी उत्तर दिलं नाही, याला पंधरा वर्षं झाली. लिहिणारी बाई शाळेत शिकवत असावी. अक्षर तसं होतं.

"तुमच्या पुस्तिकेत सातव्या थांब्याबद्दल छापलं आहे," तिने लिहिलं होतं, "की येथून तळ्यापर्यंत वीस मिनिटांची वाट आहे, ज्येष्ठांनाही सहज जमेल. माझे बाबा बहात्तर वर्षांचे आहेत. तासाभराने लोखंडी कठड्यापाशी ते खाली बसले आणि आम्ही परत फिरलो. तेव्हापासून ते घराबाहेर पडत नाहीत. म्हणतात, 'सहज जमेल असं छापलंय ना? मग मीच संपलो.' माझी तक्रार नाही. वाट खरोखरच सोपी आहे का, एवढं एका ओळीत कळवा. मी त्यांना वाचून दाखवीन." खाली वडिलांचं पूर्ण नाव आणि घरचा पत्ता होता.

ती पुस्तिका माझी. डोंगरातल्या राष्ट्रीय उद्यानाच्या कार्यालयात, म्हणजे पायथ्याच्या गावात, मी कारकून होतो. उद्यानातल्या घाटरस्त्यावर अकरा थांबे आहेत. अकराही थांब्यांची वर्णनं मी टेबलाशी बसून लिहिली, फोटो बघून आणि वनरक्षकांना विचारून. स्वतः कधी वर गेलो नव्हतो. मला गाडी लागते. वीस मिनिटं हा आकडा एका वनरक्षकाचा होता. 'ज्येष्ठांनाही सहज जमेल' असं मात्र मला कोणीच सांगितलं नव्हतं. त्याशिवाय परिच्छेद लंगडा वाटत होता, म्हणून मी ते जोडलं.

पुढच्या आवृत्तीतून ते शब्द मी गुपचूप काढले. उत्तराचे मसुदेही केले. एक फार लांबला, एक फार नटवा झाला, एक साहेबांना दाखवावा लागला असता. मग निवृत्त झालो आणि पत्र घरी घेऊन आलो.

परवा मला बहात्तर पूर्ण झाली. मी धाकट्या बहिणीला फोन करून विचारलं, मला सातव्या थांब्यापर्यंत नेशील का.

"तू? घाटात?" ती म्हणाली. "दादा, ताप नाही ना तुला?" जन्मभर परिचारिका होती ती, आधी आजाराचाच संशय घेते.

तिने मला पुढच्या सीटवर बसवलं, हातात हुंगायला लिंबू दिलं, मांडीवर कागदी पिशवी ठेवली. पुस्तिका तिच्याकडे होती. दुसऱ्या थांब्यावर उतरून तिने मोठ्याने वाचलं, "'इथे वारा तुमच्याशी हितगुज करतो.'" समोर दोन बस उभ्या होत्या आणि शौचालयाबाहेर रांग. "वाऱ्याला बोलायला फट तरी आहे का इथे?"

"तेव्हा एवढी गर्दी नसेल."

"तेव्हा तू कुठे आला होतास?"

चौथ्या थांब्यावर मी उलटी होईल या भीतीनेच दार उघडलं आणि उलटी विसरलो. पायाखालून दरी खोल जात होती. तळाशी नदी चमकत होती. इतक्या वरून ती वाहते आहे की थांबली आहे, ते कळत नव्हतं.

"इथे काय लिहिलंय मी?" मी विचारलं.

तिने पान शोधलं. "'दरी विलोभनीय आहे.'"

"आणि?"

"आणि काही नाही."

"जागा कमी होती," मी म्हणालो. ती हसली नाही. माझा कोट नीट करून तिने वरचं बटण लावलं.

सातव्या थांब्यावर मी घड्याळ पाहून चढायला सुरुवात केली. पायऱ्या म्हणजे झाडांची मुळं आणि निसटते दगड. पंधराव्या मिनिटाला मी पहिल्यांदा बसलो. वरून उतरणाऱ्या वनरक्षकाला विचारलं, "वीस मिनिटांत होते ना ही वाट?"

"होते की. उतरताना. तेही मागे अस्वल लागलं तर."

बहीण खो खो हसली. मला हसता येईना. दम उरला नव्हता.

कठडा आला तेव्हा एक तास दहा मिनिटं झाली होती. मी खाली बसलो. बहिणीने मनगट धरून नाडी मोजली आणि काही बोलली नाही, म्हणजे बरी नसावी. इतक्यात एक तरुण जोडपं खाली उतरत आलं. मुलगी वाकून म्हणाली, "आजोबा, थोडंच राहिलंय हं! सहज जमेल."

"थोडं म्हणजे किती गं?" बहिणीने विचारलं.

"अं... पाऊण तास?"

ती दोघं हसत खाली गेली. तिच्या आवाजात लबाडी नव्हती. माझ्याही शब्दांत नव्हती. तिला आम्हाला बरं वाटावं असं वाटलं होतं, मला माझा परिच्छेद बरा वाटावा असं.

मी खिशातून पत्र काढून बहिणीला दिलं. तिने दोनदा वाचलं.

"एक ओळ मागितली होती रे तिने."

"हो."

"वॉर्डात पाहिलीत मी अशी माणसं. पाय धड असतात, पण मनाने अंथरूण धरतात." मग तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "वर जायचंय?"

"नको. कळायचं ते कळलं."

खाली उपाहारगृहाच्या टेबलावर मी लिहायला बसलो. मसुदा केला नाही.

"महोदय, वाट सोपी नाही. बहात्तर पूर्ण झाल्यावर आज मी ती चढून पाहिली. कठड्यापर्यंत पोचायला मला एक तास दहा मिनिटं लागली आणि मीही तिथूनच परतलो. तुम्ही माझ्यापेक्षा दहा मिनिटं कमी वेळात पोचला होता. 'सहज जमेल' हे मी न पाहता लिहिलं होतं. तुम्ही संपला नव्हता. माझे शब्द खोटे होते. हे पंधरा वर्षांपूर्वीच कळवायला हवं होतं. क्षमा असावी."

पाकिटावर मी पत्र लिहिणाऱ्या मुलीचं नाव घातलं नाही, तिच्या बाबांचं घातलं.

"सत्त्याऐंशीचे झाले असतील ते आता," बहीण म्हणाली. "म्हणजे, जर..." ती पर्समध्ये गाडीची किल्ली शोधू लागली.

"मी 'श्री.' लिहिलंय," मी म्हणालो.

उद्यानाच्या फाटकाशी टपालपेटी होती. मागे दोन गाड्या खोळंबल्या तरी बहिणीने गाडी तिथेच उभी केली. मी उतरलो, पत्ता पुन्हा एकदा वाचला आणि पाकीट आत टाकलं. हात रिकामा झाल्यावरही मी थोडा वेळ तिथेच उभा राहिलो. मागचे हॉर्न वाजवत होते. बहिणीने इंजिन बंद केलं.