खंडेनवमीची काडतुसं

पद्माकरनं डबा उघडला आणि त्याचं डोकंच फिरलं. एकूण एक काडतुसाच्या बुडाला लाल रंग.

"सुमन, हे काय केलंस?"

"काल खंडेनवमी नव्हती का? शस्त्रांची पूजा केली." छत्रीखाली त्याची बायको शांत बसली होती. "कुंकू लावलंय. आज मॅच आहे ना तुमची."

"अगं, पाण्यात कालवलेलं कुंकू? एक थेंब आत गेला की संपलं सगळं."

इंग्लंडातल्या ब्रॅकनेलजवळच्या त्या नेमबाजीच्या रेंजवर सकाळपासून पाऊस पिरपिरत होता. गेल्या वर्षी अशाच पावसात त्याचं एक काडतूस नुसतंच टक् करून बसलं, आणि कौंटीच्या टीममधली जागा तेवढ्यानं हुकली. तेव्हापासून क्लबातली सॅली त्याच्या कानीकपाळी ओरडत होती, बुडातल्या टोपीभोवतीच्या फटीवर नेलपॉलिश फिरव, ओल आत जात नाही. पण पद्माकर पडला हट्टी. स्वतःच्या हातानं भरलेली काडतुसं, त्यांना कसली पॉलिश? असले नखरे आपल्याला जमायचे नाहीत, म्हणाला होता.

आता दुसरी काडतुसं नव्हती, आणि पूजेचं कुंकू पुसायला हात धजेना. शिट्टी झाली. तो ओल्या चटईवर पालथा पडला.

पहिली गोळी सुटली. दुसरीही सुटली. शेजारी गिडियनचं काडतूस फुसकं निघालं आणि त्यानं हलकेच शिवी हासडली. पद्माकरच्या गोळ्या मात्र एकामागून एक जाऊन काळ्या वर्तुळात बसत होत्या. त्याला आता भलताच चेव चढला. आज जागा आपलीच.

शेवटचं काडतूस उचलताना ओला अंगठा बुडावर घासला गेला. लाल निघालं नाही. त्यानं पुन्हा घासलं. टिळा नव्हताच तो. फटीवरून बारीक, नेटकं गोल फिरवलेलं होतं.

त्यानं मान वळवली. सुमन छत्रीच्या काड्या न्याहाळत होती.

हसू दाबून त्यानं नेम धरला. गोळी बरोबर मधोमध बसली.

टीममध्ये नाव लागलं. सगळ्यांशी हात मिळवून झाले, रायफल गाडीत गेली. स्टिअरिंगवर बसल्यावर तो म्हणाला,

"पुढची मॅच मार्चमध्ये. तेव्हा काही खंडेनवमी नसते."

"नसते."

"पूजा मात्र करायला हवी."

"करू की, अहो."

"तू नको, मी करतो. फक्त बाटली कुठं ठेवतेस ते सांग."