कुकरच्या झाकणातला बिस्मथ

मी बिस्मथ बोलतोय. कोण बिस्मथ, असा चेहरा करू नका. सोन्याचा भाव तुम्हाला तोंडपाठ असतो, मला मात्र दर वेळी ओळख करून द्यावी लागते. मी धातू आहे. शिशाचा जवळचा नातलग, त्याच्यासारखाच जड, पण त्याच्यासारखा विषारी नाही. बहुतेक धातू गोठताना आक्रसतात, मी फुगतो. एवढाच काय तो माझा गर्व.

कारखान्यात मला कथलात मिसळलं. लवकर वितळण्याचा गुण माझ्या अंगी होताच, कथलाच्या संगतीने तो आणखी वाढला. म्हणून आम्हा दोघांचा इवलासा गोळा प्रेशर कुकरच्या झाकणात, सेफ्टी व्हॉल्व्हमध्ये बसवला. कुकरमधलं पाणी आटून उष्णता भलतीच वाढली की मी वितळायचं आणि वाफेला वाट द्यायची. नोकरी आयुष्यात एकदाच करायची, तीही जीव देऊन.

ज्या घरात मी आलो तिथले काका बॉयलर तपासनीस म्हणून निवृत्त झालेले. बॉयलरमध्येही माझ्यासारखाच वितळणारा गोळा असतो. एका मालकाने तो काढून तिथे बोल्ट ठोकला, तेव्हा काकांनी अख्खा कारखाना बंद करवला होता. ही गोष्ट ते पाहुण्यांना चहा यायच्या आत सांगत. मला वाटायचं, चला, जाणत्या घरी पडलो.

एका सकाळी काकू वाटाणे कुकरला लावून शेजारी गेल्या. तीन शिट्ट्यांनंतर गॅस बंद करा, असं जाताना बजावलं. काका पेपरात डोकं घालून बसलेले. शिट्ट्या झाल्या, आणखी झाल्या, दर शिट्टीला काका 'हो हो' म्हणत राहिले. पाणी आटत आलं आणि मी वितळलो. वाटाणे छताला चिकटले. माझा एक थेंब शेगडीच्या खाचेत पडून गोठला. तिथूनच हे सांगतोय.

काकांनी माझी रिकामी जागा पाहिली आणि निकाल दिला, माल हलका. आपण विसरलो, हे काही त्यांच्या तोंडून निघालं नाही. अडगळीतून एक पितळी बोल्ट काढून त्यांनी माझ्या जागी घट्ट पिळला. कोपऱ्यावरच्या दुकानात नवा व्हॉल्व्ह मिळतो, असं काकू सांगून पाहत होत्या.

"जन्म बॉयलर तपासण्यात गेला माझा," काका म्हणाले. "हा बोल्ट काही वितळायचा नाही."

तीच तर भीती होती. पुन्हा पाणी आटलं तर आता झाकणच उडणार होतं, आणि समोर काकू असणार होत्या. मला फार राग आला.

गंमत म्हणजे हेच काका पोटातल्या अल्सरसाठी गोळ्या घेत, त्यांत मीच होतो. त्या गोळ्यांनी जीभ काळी पडते. मला हलका म्हणणारी जीभ मीच रंगवली, तेवढं सुख मी घेतलं.

दुसऱ्या दिवशी काकूंनी कुकर गॅसवर चढवला, काकांना हाक मारली आणि पिशवी उचलली.

"मी भाजी आणायला जाते. तुम्ही इथेच उभे राहा, कुकरजवळ. बोल्ट तुमचा, भरवसाही तुमचाच."

दार लागलं. काका आधी ऐटीत उभे राहिले, मग जरा मागे सरले, मग दाराच्या चौकटीत गेले. कुकर फुसफुसू लागला. शिट्टी व्हायच्या आत त्यांनी पुढे होऊन, तोंड फिरवून, हात लांब करून गॅस बंद केला आणि उलट्या चपला घालून दुकान गाठलं.

काकू परतल्या तेव्हा झाकणात नवा व्हॉल्व्ह होता. दुकान वाटेत लागलं म्हणून घेतला, असं काका म्हणाले. कुठल्या वाटेत, ते काकूंनी विचारलं नाही. कारखान्याची गोष्ट काका अजून सांगतात. ती बोल्टपाशी आली की काकू फक्त खोकतात.

मी खाचेतच आहे. शेगडी घासताना मला खुशाल खरवडून फेका. पण वर झाकणात माझा भाऊ बसलाय, त्याला मजबूत करायला जाऊ नका. तो कच्चा आहे म्हणून तुमचं डोकं जागेवर आहे.