फोटोत सरळ

डॅरलने खिमा भरलेल्या मीट पायचा मोठा घास घेतला, ओठावरचा सॉस तसाच ठेवला आणि म्हणाला, "रोवेना, आज ते वाकडं जाणं नको. ढगांपर्यंत सरळ जाऊ दे."

किळस सॉसची आली की माणसाची, हे रोवेनाला कळेना. रॉकेटचा मार्ग आखणारी ती, कंपनीचा मालक हा, आणि याला रॉकेट कशाशी खातात तेही ठाऊक नाही.

"मागच्या वेळी झुकलं तर पाहुणे किंचाळले. पडतंय म्हणे! त्यात रॉकेटवरचं बिअरवाल्या प्रायोजकांचं नाव फोटोत तिरकं आलं."

"अरे, नुसतं वर गेलेलं खालीच येतं! पृथ्वीभोवती फिरायला आडवा वेग लागतो. सुरुवातीला, वेग कमी असताना जरासं झुकवायचं. पुढे त्याचं वजनच त्याला हळूहळू वळवतं, फुकटात. उशिरा, भर वेगात वळवलंस तर वारा अंगावर घेऊन मोडेल. आत मर्व्हचा उपग्रह आहे!"

मर्व्ह टिलब्रुक हा गावच्या स्वयंसेवी अग्निशमन दलाचा म्हातारा कप्तान. मागच्या वणव्यात त्याचे दोन जोडीदार गेले. आग टेकडीमागून येतेय हे कुणाला दिसलंच नव्हतं. वणवे वरून हेरणारा हा उपग्रह त्याने हार्डवेअरच्या दुकानांबाहेर सॉसेज भाजून, विकून उभा केला होता.

डॅरलने तिच्या खांद्यावर तेलकट हात ठेवला. "बरं बाई, तुझंच खरं. तुझाच मार्ग ठेवतो. दमलीस तू. जा, मर्व्हजवळ बस."

तिने विश्वास ठेवला.

मैदानात माश्या घोंगावत होत्या. मर्व्ह इस्त्रीचा गणवेश घालून बसला होता. तिने त्याला आधीच सांगून ठेवलं होतं, धुराची रेघ लगेच समुद्राकडे वाकू लागली की जमलं म्हणून समज.

रॉकेट उठलं. सरळ. अजून सरळ. पाहुणे टाळ्या पिटत होते, बिअरवाले शिट्ट्या मारत होते. मर्व्हही टाळ्या वाजवत होता. मग त्याचे हात थांबले.

"पोरी, एव्हाना वाकायला हवं होतं ना?"

खोटारडा! रोवेना खांदा खसाखसा पुसत राहिली. पार वर गेल्यावर वळताना रॉकेटला हिसका बसला, रेघ फाटली आणि पांढरे तुकडे समुद्रावर विखुरले. तोही खेळाचाच भाग समजून लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

थोड्या वेळाने डॅरल फोन नाचवत आला. "वर जरा गडबड झाली, पण फोटो बघ मर्व्ह! काय सरळ आलाय!"

मर्व्हने चष्मा लावून फोटो पाहिला. "यात आमचा उपग्रह कुठंय?"

डॅरलने चिकट बोट रॉकेटच्या टोकावर टेकवलं. "हा काय, इथे."

"आत्ता कुठंय, ते विचारतोय," मर्व्ह म्हणाला.