जावळ फुटलं

मी एक जुने भिंग आहे. उन्हात धरून कागद जाळायचे साधे भिंग नव्हे, मित्रांनो. मला धरायला दांडी आहे, भोवती बारीक दिवे आहेत आणि पाठीवर छोटा पडदा आहे. माणसाच्या डोक्यावर टेकवले की मी एकेक केस दोरखंडाएवढा दाखवते. माझ्या नजरेतून काही सुटत नाही. दया मात्र माझ्यात नाही. ज्या कारखान्यात मी घडले तिथे फक्त काच घासत असत.

माझी पहिली नोकरी एका त्वचेच्या डॉक्टरांकडे झाली. डॉक्टर तिरसट, पण बघायचे नीट. कानशिलांजवळचे केस गेलेली बाई आली की मला तिथे टेकवून म्हणत, "अंबाडा घट्ट बांधता ना? सोडा तो. ओढणं थांबलं की येतील केस परत. उशीर केलात तर मूळच मरतं, मग कुणाच्या हातात काही राहत नाही." बायका हिरमुसून जात. त्यांना औषध हवे असे आणि पदरात पडे ते बोलणे. असा दवाखाना कितीसा चालणार? तो बंद पडला आणि मी एका केशोपचार केंद्रात आले.

तिथला थाट काय सांगू! पांढऱ्या खुर्च्या, डोक्यावर वाफ सोडणारे घुमट, सुगंधी तेले आणि मालकीणबाईंची मधाळ जीभ. खोटे कशाला बोलू, तिथे लोकांचा कोंडा जाई, खाज थांबे, मालिश घेता घेता माणसे खुर्चीतच घोरू लागत. एवढ्यावर भागले असते तर माझी तक्रार नव्हती. पण पाटीवर 'हमखास केसवाढ' असे लिहिले होते.

एके दिवशी नाच शिकवणाऱ्या एक बाई आल्या. त्यांचा अंबाडा लहानपणापासून इतका करकचून बांधलेला की भुवयासुद्धा वर ओढल्या गेलेल्या. कानशिलांजवळ केस विरळ झाले होते. सोबत त्यांची लेक होती. तिचाही तसाच अंबाडा, तशाच भुवया.

"काहीतरी करा हो," बाई म्हणाल्या. "रंगमंचावरच्या दिव्यांत सगळं दिसतं. मागे बसलेल्या बायका कुजबुजतात."

वाफ झाली, मालिश झाली, पुन्हा वाफ झाली. मग मालकीणबाईंनी मला त्यांच्या कानशिलावर टेकवले. पडद्यावर आखूड खुंट दिसले. मित्रांनो, नव्याने उगवणारा केस टोकाला निमुळता असतो आणि ओढून तुटलेला केस बोथट. हे खुंट सगळे बोथट होते. मालकीणबाईंनाही ते दिसले. पण त्या टाळी वाजवून म्हणाल्या, "अय्या ताई, जावळ फुटलंय बघा! तान्ह्या बाळासारखं!"

बाईंच्या डोळ्यांत पाणी आले. "मग अंबाडा थोडा सैल बांधू का आता?" त्यांनी विचारले.

"छे हो! खुशाल बांधा. मुळं पक्की झालीत आता."

केसाने गळा कापणे म्हणजे काय, ते मी त्या खुर्चीत पाहिले. दर खेपेला खुंट कमी होत गेले आणि दर खेपेला जावळाचे कौतुक वाढत गेले. शेवटी तिथली कातडी फरशीसारखी चकचकीत झाली, तेव्हा मालकीणबाई म्हणाल्या, "आता ते आत दडलंय. वाट बघतंय." बाईंनी मान डोलावली. मला हसता येत असते तर मी खदखदून हसले असते.

पुढे केंद्रात नवे, मोठे यंत्र आले. मालकीणबाईंनी मला नाचाच्या बाईंच्या लेकीच्या हातात टाकले. "घे, खेळ याच्याशी."

घरी तिने माझ्यातून मुंग्या पाहिल्या, मीठ पाहिले, स्वतःची नखे पाहिली. मग आरशापुढे बसलेल्या आईच्या कानशिलावर मला टेकवले आणि म्हणाली, "आई, इथे काहीच नाहीये गं. अगदी गुळगुळीत आहे."

फाडकन आवाज झाला. पोरीच्या गालावर पाचही बोटे उमटली.

ती रडलीसुद्धा नाही, नुसती बघत राहिली. तेव्हा आईलाच भरून आले. तिने लेकीला जवळ ओढले, मला उचलले आणि लेकीच्या कानशिलावर धरले. तिथेही बोथट खुंट होते, पण खाली मुळे जिवंत होती. अजून वेळ गेली नव्हती. तो अंबाडा तेवढा सोडायला हवा होता. माझे दिवे लख्ख होते. मी सगळे, जसेच्या तसे दाखवले.

आईचा चेहरा उजळला. "अगं, जावळ फुटलंय तुला! नशीबवान आहेस. ये, अंबाडा बांधते. आज जरा घट्टच बांधू, मुळं पक्की होतील."

हल्ली मी त्यांच्याच घरी एका खिडकीत धूळ खात पडून आहे. मित्रांनो, तुमच्या घरी एखादे भिंग असेल तर त्याला मऊ कापडाने पुसत जा आणि त्यात जे दिसेल तेच बघा. आणि केस ओढले जाताना दुखले, तर 'दुखतंय' म्हणून जोरात ओरडा. ती ओरडली नाही. आई पहिल्यांदाच तिच्या केसांचे कौतुक करत होती, म्हणून ती अगदी ताठ बसून राहिली.