कर्दळीखालची गंगा

ओढ्याकाठी जत्रा भरली होती. बांधात बसवलेल्या सिमेंटच्या गोमुखातून नितळ धार पडत होती. बायका कळश्या भरत होत्या आणि पाटावर बसलेले विमलानंद महाराज गर्जत होते, "गंगामाई काशीहून जमिनीखालनं चालत आली! थेट तुमच्या दारात! एक घोट घ्या, सात पिढ्यांचे रोग जातील!"

सात पिढ्यांचं ठाऊक नाही. या पिढीतले अकरा जण तीन दिवसांत जुलाबानं आडवे झाले होते. कागलजवळच्या त्या गावात २००३ साली मी नर्स होते. सरपंच बाळाप्पांची चार वर्षांची नात सौंदर्या तालुक्याच्या दवाखान्यात सलाईनवर होती. तीर्थ तिला आजोबांनीच पाजलं होतं.

त्या दुपारी गवंडीकाम करणाऱ्या तानाबाई कांबळे तणतणत माझ्याकडे आल्या. "बाई, त्ये गोमुख माझ्या पायपावर बसवलंय!"

सहा महिन्यांपूर्वी त्यांनी आणि आठ बायकांनी गटाराच्या शेवटी मोठा खड्डा खणला होता, त्यात खडी भरून कर्दळ लावली होती. गावाचं सांडपाणी त्यातून गाळून पाईपनं ओढ्यात पडत होतं.

"मग लोकांना सांगा की."

"सांगितलं. म्हणत्यात, गटाराचं पाणी असलं नितळ हुतंय व्हय? आमच्या हातानं झाल्यालं पटंना त्यास्नी. देवानं केलं म्हटल्यावर पटतंय."

आम्ही दोघी गर्दीत शिरलो. तानाबाईंना बघताच महाराज ओरडले, "लांब हो! तुझी सावली पडली तर गंगा आटेल!"

तानाबाईंनी पदर खोचला. "आटू दे की! आटवूनच दावतो."

त्या बांधावरून वर गेल्या आणि खड्ड्याच्या तोंडाशी लाकडी फळी टाकली. गटार जुन्या वाटेनं वळलं. काळं पाणी भसाभस ओढ्यात पडू लागलं. लोकांनी नाकाला पदर लावले. अर्ध्या तासात गोमुखाची धार बारीक झाली, ठिबकली, थांबली.

"बघा! पापाची सावली!" महाराज किंचाळले.

"मग तुमच्या पुण्यानं सुरू करा," तानाबाई म्हणाल्या.

महाराजांनी शंख फुंकला, मंत्र म्हटले, घाम पुसला. थेंब पडेना. तेव्हा तानाबाई गर्दीत उभ्या असलेल्या बाळाप्पांकडे वळल्या. "सरपंच, तुमी जाऊन फळी उचला. तुमची सावली तर चालती न्हवं?"

बाळाप्पा वर गेले आणि फळी उचलली. थोड्या वेळानं गोमुखातून धार सुरू झाली. खाली येऊन त्यांनी पहार घेतली आणि दोन घावांत गोमुख फोडलं. आत करड्या रंगाचा प्लॅस्टिकचा पाईप होता.

"ह्याच हातानं पाजलं मी पोरीला," एवढंच ते म्हणाले. महाराजांची जीप तोवर हायवेला लागली होती.

सौंदर्या पाचव्या दिवशी घरी आली. त्याच दिवशी मी चावडीवर सगळ्यांना सांगितलं: खडीत गाळ अडकतो, मुळांजवळचे जीव घाण खातात, म्हणून पाणी नितळ दिसतं. पण रोगाचे जंतू त्यात उरतातच. हे पाणी झाडांना द्या, पिऊ नका. आणि कुणी चमत्कार दाखवला, तर हात जोडायच्या आधी पाणी कुठून येतंय ते चालत जाऊन बघा.

एक म्हातारी उठली आणि तानाबाईंच्या पायाशी वाकली. तानाबाई झटकन मागं सरल्या.

"पाया कशाला पडतीस, आक्का? खोरं घे. खडीतला गाळ काढायचा हाय."